चार बैलांचं घर

दसरा झाला, दिवाळी झाली, तरी त्या साली पावसाचा पाय काही पोशीर गावातून निघेना. ऐन कापणीच्या तोंडावर तो असा कोसळला की उभं भात आडवं झालं आणि चिखलात लोळलं. उभं भात कापायला माणसाला कमरेत वाकावं लागतं. आडवं भात कापायचं म्हणजे पार गुडघ्यावर यायचं. आबाजीचं सगळं घर गुडघ्यावर आलं होतं, आणि नेमकी त्याच दिवसांत पोपटची परीक्षा येऊन ठेपली होती.

पोपट हा आबाजीचा एकुलता मुलगा. मिसरूड फुटलेलं, अंगानं काटक, नेरळच्या मराठी शाळेत शेवटच्या इयत्तेत. ठाण्याची परीक्षा पास झाली की पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं आणि मास्तर होऊन परत यायचं, हे त्याच्या मास्तरांनी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. विलायतेच्या राणीच्या पहिल्या ज्युबिलीला तेव्हा दोन-तीन वर्षं होऊन गेली होती, तरी पोशीरच्या कुळवाड्यांत कोणी मास्तर झालेला नव्हता. घाट चढून पुण्याला गेलेली माणसंही गावात थोडीच, आणि ती एक तर देवाला गेलेली, नाही तर मजुरीला.

पोपट कापणीही करायचा आणि घोकंपट्टीही. एका हातात चिखलानं माखलेली भाताची मूठ, दुसऱ्या हातात विळा, आणि तोंडात पंजाबच्या नद्या. शेजारच्या ओळीत त्याची धाकटी बहीण मंगळी कापत असायची. ऐकून ऐकून तिलाही नद्या पाठ झाल्या होत्या. पोपट रावीपाशी अडला की ती मान वर न करता पुढची नदी सांगायची, आणि वर म्हणायची, "तुज्याऐवजी मीच जाते ठान्याला. तू बस हितं भारं बांदत."

"जा की. लुगडं नेसून बाकावर बसलीस की साहेब पळून जाईल," पोपट म्हणायचा.

दोघांची आई जयवंता पुढं असायची. तिचा विळा बोलत नसे, नुसता चालत असे. पण पोरांची बडबड तिला आवडायची. कापणीत माणसं गप्प झाली की कंबर जास्त दुखते, असं तिचं म्हणणं होतं.

दुखायचे ते पोपटचे हात. भाताची पात वाळली की सुरीसारखी, आणि भिजली की बोटांत कुसं रुतून बसतात. चार दिवसांत त्याची बोटं सुजून काकडीएवढी झाली. संध्याकाळी पाटी पुढं घेऊन बसला तर पेन्सिल धरता येईना. आबाजीनं ते पाहिलं. त्यानं पोराचा पंजा आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि बैलाचा खूर तपासावा तसा दाबून पाहिला.

"ह्या हातानं लिवनार व्हय रं तू?"

"लिवीन की."

"काय लिवशील? कपाळ? उद्यापासनं विळा नाय धरायचा. भारं वाह्यचं डोक्यावरनं. हात राकून ठेव."

चुलीपाशी करंजाचं तेल गरम करत असलेली जयवंता तिथूनच म्हणाली, "आनि परीक्षेला डोसकं लागत नाय वाटतं?"

आबाजी हसला. पण बाप तो बाप. दुसऱ्या दिवसापासून पोपटच्या वाट्याची ओळही तोच कापू लागला. त्याचे गुडघे रात्री सुजायचे आणि सकाळी तो उठताना भिंत धरायचा, पण त्यानं एका शब्दानं कुरकुर केली नाही.

पोपट ठाण्याला जाऊन परीक्षा देऊन आला. घरात झोडणी सुरू झाली. खळ्यात आडव्या टाकलेल्या लाकडावर भाताच्या पेंढ्या आपटायच्या आणि दाणे गोळा करायचे. दाणे कसले? चिखलात लोळलेल्या भाताला लोंबीतच मोड आले होते. निम्मं काळं पडलं होतं. त्यातूनही जमिनीच्या मालकाचा खंड आधी बाजूला काढायचा. राहिलं ते पाहून जयवंतानं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि नुसता सुस्कारा टाकला.

तशात एका दुपारी नेरळहून मास्तर चालत आले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, वहाणा हातात. खळ्याच्या कडेला उभं राहून ते ओरडले, "आबाजी! पोरगा पास! कॉलेजानं घेतला त्याला!"

आबाजीच्या हातातली पेंढी हातातच राहिली. मंगळीनं उडी मारली. पोपटला काय करावं सुचेना म्हणून तो पुन्हा पेंढी आपटायलाच लागला. जयवंतानं पदराला हात पुसले, मास्तरांच्या पायाशी वाकली, आणि उठताना तिचे डोळे भरून आलेले सगळ्यांनी पाहिले.

मग मास्तर जोत्यावर बसले आणि पुढचं सांगू लागले. कॉलेजात सरकारकडून मिळेल ते पोटापुरतंच. पुस्तकं, कपडे, अंथरूण, जाणं-येणं हे ज्याचं त्यानं बघायचं. पण कर्जतच्या चार मंडळींनी गरीब विद्यार्थ्यांसाठी एक फंड काढला होता. त्याचं सगळं तात्या वकील बघायचे. या साली फंडात एकाच मुलाची सोय होती, आणि जवळच्या कोंडाणे गावच्या एका मुलाचाही अर्ज आला होता.

"तात्या स्वतः येऊन घर बघतात. गुरुवारी येतील," मास्तर म्हणाले. "आहे ते दाखवा. फंड नाही मिळाला तर मात्र पोराचं पुणं राहिलं, हे लक्षात ठेव. जागा पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही."

मास्तर गेले. आबाजी गंभीर झाला. घर बघायला माणूस येणार, हे त्याला चांगलं कळत होतं. त्याच्या बहिणीच्या लग्नाआधी माणसं घर बघायला आली होती, आणि तेव्हा बापानं काय काय केलं होतं तेही त्याला आठवत होतं. त्यानं चुलतभाऊ धाकलूला हाक मारली.

"धाकलू, तुजी बैलजोडी लागंल गुरवारी."

"नांगराला? आत्ता?"

"दावनीला. तात्या वकील येत्यात. माज्या दोन बैलांत काय शोभा हाय? त्यातला येक लंगडा."

पोपट मधेच म्हणाला, "आबा, तो फंड गरिबांसाटी हाय. आपलं हाय तसंच दावायचं."

आबाजीनं त्याच्याकडं पाहिलं. "शाळंत तुला नद्या शिकवल्या, येवार नाय शिकवला. रिकाम्या घराला कोन देतं रं? पोरगी भरल्या घरात देत्यात. बियानं उसनं भरल्या घराला मिळतं. रिकामं घर बघून मानूस पानीबी न पिता उठतो. तेला वाटंल, ह्यांना दिलेलं बुडालं."

धाकलूनं मान हलवली. "बरोबर हाय. तळ्यातच पानी जातं."

पोपटनं आईकडं पाहिलं. ती सुपातलं भात पाखडत राहिली. तिलाही नवऱ्याचं म्हणणं पटत होतं, आणि खरं सांगायचं तर उभ्या पोशीरला पटलं असतं. पोशीरमध्ये तोवर कुणाला गरिबीबद्दल काही मिळालेलं नव्हतं. गरिबीमुळं गेलेलं मात्र पुष्कळ होतं.

मग गाव कामाला लागलं. गावात एकाच्या घरी पाहुणा म्हणजे सगळ्यांच्या घरी पाहुणा. धाकलूची बैलजोडी शिंगं रंगवून दावणीला आली. शेजारच्या म्हाताऱ्या बायजानं आपला तांब्याचा हंडा चिंचेनं घासून दिला, वर गाईचं दूधही कबूल केलं. मोतीबाई ही गावातली त्यातल्या त्यात बरी परिस्थिती असलेली बाई, तिनं आपले चांदीचे गोठ जयवंताच्या मनगटात चढवले आणि म्हणाली, "हात हलवत बोल गं, म्हंजी दिसतील." मोरू माथेरानच्या वाटेवर साहेबांच्या पालख्या वाहायचा. त्यानं कुठल्याशा बंगल्यातून मोडीत काढलेली एक खुर्ची डोंगरावरून पाठीवर घेऊन आणली होती. पोशीरमधली ती एकुलती एक खुर्ची. तिचा एक पाय काथ्यानं बांधलेला होता, पण रुबाब होता.

राहिली भात साठवायची कणगी. माणूसभर उंचीची, बांबूची, शेणानं लिंपलेली, आणि जवळजवळ रिकामी. आबाजीनं तिच्यात पेंढा दाबून भरला आणि वर चार बोटं भात पसरलं. बरं भात तेवढं वर, मोड आलेलं खाली.

गुरुवारी सकाळी तात्या आले. नेरळला आगगाडीतून उतरून बैलगाडीनं पोशीरपर्यंत येता येता त्यांची हाडं खिळखिळी झाली होती. अंगानं भारी, डोक्याला लाल पगडी, हातात वेताची काठी, आणि आवाज असा की कुजबुजले तरी ओढ्यापलीकडं जावं. बरोबर मास्तर होतेच. आबाजीनं हात जोडून त्यांना खुर्चीवर बसवलं. खुर्ची कुरकुरली. अंगणाबाहेर कुंपणाच्या कुडाला टेकून उभ्या असलेल्या मोरूचा जीव वरखाली झाला.

तात्यांनी दूध घेतलं. मग अंगणभर नजर फिरवली.

"बैल तुझे?"

"व्हय जी."

"चारही?"

आबाजीनं मिशीवरून हात फिरवला. "आपली किरपा."

मास्तरांनी दावणीकडं पाहिलं, मग आबाजीकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पोपटकडं पाहिलं, तर पोपट जमिनीकडं पाहत होता.

तात्या उठून आत डोकावले. हंडा पाहिला. कणगीत वाकून पाहिलं. मोतीबाईनं सांगितल्याप्रमाणं जयवंतानं हात हलवून मंगळीला पाणी आणायला सांगितलं. बाहेर येऊन तात्या पुन्हा खुर्चीत बसले आणि मोकळेपणानं हसले.

"आबाजी, खरं सांगू? जीव निवला. या पावसानं तालुक्यात घरोघरी रडारड चालू आहे, आणि तुझं घर बघ. चार बैल, भरली कणगी, घरची बाई चांदीनं मढवलेली. शाबास!"

आबाजी फुलला. कुडापलीकडं जमलेलं गावही फुललं. धाकलूनं आपल्या बैलांकडं अभिमानानं पाहिलं.

"मंग जी," आबाजी म्हणाला, "पोराला कदी धाडू?"

"केव्हाही धाड. तुझा पोरगा, तुझी ऐपत."

"आनि तुमचा तो फंड?"

"फंड?" तात्यांच्या भुवया वर गेल्या. "फंड कोंडाण्याच्या मुलाला देतो. तुला काय करायचाय फंड? उद्या तुझ्याकडंच वर्गणी मागायला आलो नाही म्हणजे मिळवली."

आबाजीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्या आतलं सगळं निघून गेलं.  तात्यांनी काठी हातात घेतली. पोपट दाराच्या चौकटीला धरून उभा होता. ओरडावं, की घर सोडून डोंगरात पळून जावं, हे त्याला कळत नव्हतं. बापाचा राग येत होता, आणि बापाची कीवही येत होती. दोन्ही एकदम येत होतं.

तेवढ्यात जयवंता पुढं झाली. तिनं मनगटातले गोठ ओढून काढले. हात कामानं रुंद झालेले, गोठ निघेनात. कातडी सोलवटली तरी तिनं ओढले.

"मोतीबाई, ह्ये घे तुजं," ती कुडाकडं बघून म्हणाली. "धाकलू भावजी, बैल सोडा. बायजाबाय, हंडा न्या तुमचा."

कुणी जागचं हललं नाही.

"या म्हनते ना! काय माज्या पोराचं पुनं बुडवायचं हाय?"

मग माणसं आली. खाली मान घालून एकेक जण अंगणात शिरला. मोतीबाईनं गोठ घेतले. बायजा हंडा कमरेवर घेऊन बाजूला झाली. धाकलूनं दावं सोडलं, आणि दावणीला राहिला तो एक म्हातारा बैल आणि एक लंगडा. तात्या तोंड उघडं ठेवून बघत होते. जयवंता आत गेली, कणगीला खांदा लावला आणि ती आडवी पाडली. वरचं भात सांडलं आणि मागून भसाभस पेंढा थेट दारापर्यंत आला.

सगळ्यांत शेवटी मोरू आला आणि तात्यांपुढं हात जोडून उभा राहिला.

"तुझं काय?" तात्यांनी विचारलं.

"खुर्ची, जी."

आधी मास्तरांना हसू फुटलं, मग मंगळीला, मग साऱ्या अंगणाला. तात्या पगडी सावरत उठले आणि जोत्यावर टेकले. मोरू खुर्ची डोक्यावर घेऊन कुडापलीकडं गेला. हसला नाही तो एकटा आबाजी. तो भर उन्हात, आपल्याच दारात, सगळं अंग उघडं पडल्यासारखा उभा होता.

तात्यांनी हसू आवरलं. "हे बघा, मी वकील माणूस. मघाशी भरलं घर दाखवलंत, ते खोटं. आता रिकामं दाखवताय, ते कशावरून खरं? फंडाच्या मंडळींना मी काय सांगू? आमचा नियम आहे. गावातल्या दोघांनी माझ्यासमोर सांगायचं की हा माणूस गरीब आहे. सांगा." त्यांनी काठी धाकलूकडं वळवली. "तू सांग."

धाकलू बैलाच्या शिंगाला धरून उभा होता. तो दचकला. "आबाजीदादा? गरीब? छ्या, छ्या! कोन म्हनतो?"

"अरे, तुझेच बैल होते ना?"

"बैल माजं जी. पर दादा गरीब नाय."

तात्यांनी बायजाला विचारलं. म्हातारी हंडा सावरत म्हणाली, "तेच्या दारातनं कोन उपाशी नाय गेलं, बापा. मी कशाला खोटं बोलू?" मोतीबाईनं पदर तोंडाला लावला. मोरूनं तर खुर्चीआड तोंड लपवलं. पोपट कळवळून एकेकाकडं बघत होता. एक शब्द कुणी बोललं असतं तर त्याचं काम झालं असतं. पण माणसाच्या दारात उभं राहून त्याला गरीब म्हणायचं, हे पोशीरमध्ये भांडणातसुद्धा कुणी केलं नव्हतं. त्यांच्या जिभा उचलेनात.

"मग झालं तर," म्हणून तात्या गुडघ्यांवर हात टेकून उठू लागले.

"बसा जी," आबाजी म्हणाला.

तो दोन पावलं पुढं आला. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं, हातात घेतलं, पुन्हा डोक्यावर ठेवलं. काय करावं ते त्याच्या हातांना कळत नव्हतं.

"मी सांगतो. मी गरीब हाय. भात कुजलं. बैल दोन, त्यातला येक काय कामाचा नाय. पोराला धाडायची माजी ताकद नाय." त्याचा आवाज फुटला, तरी तो थांबला नाही. "आदी ह्ये बोलायची लाज वाटली, म्हनून ह्ये सोंग केलं. पोरगा सांगत व्हता, मी ऐकलं नाय. आबाजी गरीब हाय. लिवा."

 पोपटच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

मग धाकलू बैल सोडून पुढं आला. आबाजीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "दादा गरीब, तर मी कोन लागून गेलो? माजं बी लिवा. बैलं काय, अंगावर चरबी नाय तेंच्या, नुसता रंग हाय शिंगांना."

"माजं बी लिव रं बाबा," बायजा म्हणाली. "हंडा हाय, पर तेच्यात घालायला काय हाय?"

"खुर्ची मोडकी हाय जी," मोरू पलीकडून ओरडला. "मी बी गरीब!"

बघता बघता कुडापलीकडचं सगळं गाव आत आलं. जो तो आपली गरिबी सांगायला पुढं सरसावला. कोण जास्त गरीब यावर दोघांत बाचाबाची जुंपली. शेवटी मोतीबाईही म्हणाली की गोठ आतून पोकळ आहेत. हे मात्र तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

तात्या पोट धरून हसत होते. "अरे बास, बास! मला दोन साक्षी पुरेत. फंड एकालाच आहे, सगळ्या गावाला नाही!" त्यांनी डोळे पुसले. मग बंडीच्या खिशातून कागद काढला, मास्तरांकडून पेन्सिल घेतली, आणि कागद मांडीवर ठेवून लिहू लागले. माणसं त्यांच्याभोवती दाटली. आबाजीला वाचता येत नव्हतं, तरी तो सगळ्यांच्या पुढं वाकून बघत होता.

"काय लिवलं जी?"

"लिहिलं की, आबाजी, राहणार पोशीर, अत्यंत गरीब. खाली लिहिलंय, मुलगा पोपट, परीक्षा पास, पुण्याच्या कॉलेजात निवड. फंडातून मदत द्यावी. खाली माझी सही. झालं तुझं काम."

जयवंतानं पोपटच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. आबाजी मात्र अजून कागदाकडंच बघत होता.

"वर माजं नाव हाय?"

"हो. बापाचं नाव वर, मुलाचं खाली. तशीच रीत असते."

"मंग येक करा जी," आबाजी म्हणाला. "ते खोडा. पोराचं वर घ्या, पास झाला ते. माजं गरीब खाली जाऊ द्या."

तात्यांनी त्याच्याकडं पाहिलं.  त्यांनी तो कागद बाजूला ठेवला, दुसरा कोरा घेतला, आणि पहिल्या ओळीवर मोठ्या अक्षरांत पोपटचं नाव लिहिलं.